शिंपल्याआडचा इतिहास

इतिहासाचे आणि माझे शाळेत कधी जमले नाही. पानिपतची तिसरी लढाई १७६१ साली झाली, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. पण ती का झाली, असे कोणी विचारले, की मी चष्मा पुसू लागतो. मास्तरांनी आम्हाला सनावळ्या शिकवल्या, आम्ही त्या घोकल्या, परीक्षेच्या दिवशी कागदावर ओतल्या आणि रिकामे होऊन घरी आलो. पुढे मी मराठी घेऊन एम्.ए. झालो आणि इतिहासापासून सुटलो, असे मला वाटले होते. पण बाप झालेला मनुष्य कोणत्याच विषयातून सुटत नाही. आमची चिमी यंदा सहावीत गेली आणि प्राचीन इतिहास पुन्हा आमच्या घरी मुक्कामाला आला.

एका संध्याकाळी ती झोपाळ्यावर बसून हडप्पा संस्कृतीची वैशिष्ट्ये पाठ करीत होती. नगररचना, सांडपाण्याची व्यवस्था, महास्नानगृह, मुद्रा. चौथ्या वैशिष्ट्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, ही माणसं संध्याकाळी काय करत असतील हो?"

"पुस्तकात बघ," मी म्हटले. प्राध्यापकाला उत्तर येत नसले म्हणजे तो हेच सांगतो.

"पुस्तकात नाही. पुस्तकात त्यांची गटारंच आहेत."

मी चष्मा पुसू लागलो.

नेमक्या त्याच सुमारास माझा धाकटा मेहुणा सहा महिन्यांसाठी परदेशी निघाला आणि जाताना आपला व्हिडिओ गेमचा खोका आमच्याकडे ठेवून गेला. आमची ही भावाच्या वस्तूला नाही म्हणणार नव्हती. मला मात्र धडकी भरली. व्हिडिओ गेम म्हणजे बंदुका, मारामाऱ्या आणि डोळ्यांचे नंबर, एवढीच माझी माहिती. मेहुण्याने माझा चेहरा पाहिला असावा. तो म्हणाला, "भाओजी, घाबरू नका. यातला मूळ खेळ मोठ्यांचा आहे, तो चिमीला देऊ नका. पण त्यातच एक सहल आहे. तिच्यात कोणी कोणाला मारत नाही. ती खुशाल बघू द्या. तुम्हीसुद्धा बघा."

त्या खेळाचे नाव 'असॅसिन्स क्रीड : ओरिजिन्स'. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो २०१७ साली काढला. काळ क्लिओपात्राचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाचा, आणि स्थळ इजिप्त. एवढे मोठे प्राचीन जग खपून उभे केले आहे, तर त्यातल्या तलवारी काढून घेऊन ते नुसते हिंडायला का देऊ नये, असा विचार करून कंपनीने फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यात 'डिस्कव्हरी टूर' घातली. वाट दाखवणाऱ्या अशा पंचाहत्तर सहली तिच्यात आहेत. पिरॅमिड कसे बांधले, प्रेते कशी जतन केली, अलेक्झांड्रियात बाजार कसा भरे, शेतकरी काय पिकवी; वाटेत ठिकठिकाणी थांबायचे, ऐकायचे, पुढे जायचे. पुढच्याच वर्षी ग्रीसची सहल आली आणि २०२१ मध्ये व्हायकिंगांची.

मे महिन्यातल्या दुपारी आम्ही अलेक्झांड्रियात उतरलो. चिमीने अंगावर क्लिओपात्राचा वेष घेतला, कारण तिथे कोणाच्या रूपाने हिंडायचे हे आपणच ठरवायचे असते. संगमरवरी खांबांच्या रांगा, बंदरातले प्रचंड दीपगृह, नाईल नदीवर लव्हाळ्याच्या होड्या, उन्हात डुलणारे खजुरीचे झाड. माझ्या आईने वाती वळता वळता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली नाही. सगळे निवेदन इंग्रजीत. मराठीची सोय नाही. तेव्हा आईसाठी भाषांतर करायचे काम माझ्याकडे आले. वीस वर्षे मराठी शिकवल्याचा मला इतका उपयोग कधी झाला नव्हता.

पाव भाजणे आणि त्याच धान्याची दारू गाळणे, अशी एक सहल लागली, तेव्हा स्वयंपाकघरातून हीसुद्धा ओले हात पुसत आली. "बायका दळतायत, बायका भाजतायत," ती म्हणाली, "दोन हजार वर्षांत काय बदललं म्हणता?" मी भाषांतर थांबवले.

गिझाच्या पिरॅमिडपाशी मात्र माझेच डोळे उघडले. खुफूचा पिरॅमिड ख्रिस्तपूर्व २६व्या शतकातला. म्हणजे क्लिओपात्रा त्याच्यासमोर उभी राहिली असेल, तेव्हा तो सुमारे अडीच हजार वर्षांचा जुना होता. क्लिओपात्रा आपल्यापासून जितकी दूर, त्याहूनही पिरॅमिड बांधणारे तिच्यापासून दूर! 'प्राचीन इजिप्त' या दोन शब्दांत मी हे सगळे एकाच गाठोड्यात बांधून ठेवले होते. पुस्तकात दोन सनांची वजाबाकी करता आली असती. पण ती करावीशी वाटायला त्या वाळूत उभे राहावे लागले.

खेळातून इतिहास शिकवण्याची ही कल्पना काही आजची नव्हे. अमेरिकेत मिनियापोलिस येथे १९७१ साली शिक्षक होऊ घातलेल्या तीन तरुणांनी 'ओरेगॉन ट्रेल' नावाचा खेळ रचला. बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांचा तो प्रवास. पडदा नव्हताच, मुले टेलिप्रिंटरवर हुकूम टंकायची आणि यंत्र कागदावर उत्तर छापायचे. तो खेळ पुढे अमेरिकेतल्या असंख्य शाळांत गेला. त्याच्यावर आक्षेपही आले. गाडीत बसलेल्याच्या नजरेने सगळे दिसते; ज्यांच्या भूमीतून गाडी चालली, त्या मूळ रहिवाशांच्या नजरेने काहीच दिसत नाही. पुढे १९९१ साली 'सिव्हिलायझेशन' आला. त्यात ख्रिस्तपूर्व ४००० पासून राज्य उभारायचे असते आणि हिंदुस्थानच्या बाजूने राज्य करायला साक्षात महात्मा गांधी असतात! खेळात असे चालते. प्रश्न एवढाच, की शाळेतही ते चालू द्यायचे का?

हा प्रश्न आमच्या घरी ज्या रीतीने उभा राहिला, ती रीत मला सांगितली पाहिजे.

एका चौकात चिमी थांबली. तिथे ग्रीक धर्तीचे पुतळे होते आणि त्यांच्या अंगावर नको तिथे एकेक शिंपला चिकटवलेला होता. प्राचीन शिल्पकारांनी देह उघडे घडवले; कंपनीने शाळकरी मुले बघणार म्हणून ते शिंपल्यांनी झाकले. मूळ खेळात हे शिंपले नाहीत, सहलीत आहेत.

"बाबा, तेव्हा लोक शिंपले लावायचे?"

"नाही. हे आत्ताच्या लोकांनी लावलेत."

"का?"

मी हिच्याकडे पाहिले. हिने स्वयंपाकघराकडे पाहिले. आई वाती वळता वळता म्हणाली, "लाजेला काय, जागा लागते कुठेतरी टेकायला." तेवढ्यावर ते भागले.

दुसऱ्या दिवशी एक पाठशाळा लागली. गुरुजी बसले आहेत, समोर मुले बसली आहेत, आणि मुलांत मुलीही आहेत. चिमी खूश झाली. पण तिथे एक थांबा होता, आणि खेळ करणाऱ्यांनी तिथे आपण होऊन कबुली दिली होती. त्या काळी मुले-मुली अशी एका वर्गात शिकत नसत, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही खेळणाऱ्या सगळ्यांना ते जग आपले वाटावे म्हणून आम्ही मुलींना बसवले आहे, अशा अर्थाचा तो मजकूर. मी आईला तो मराठीत सांगितला. मला तर तो आवडला होता. किती चांगली माणसे, असे वाटले.

आईने वातींची परडी खाली ठेवली.

"बसवल्या, ते चांगलंच केलं," ती म्हणाली. "पण मग बसू दिलं नव्हतं, हे कोण सांगणार?"

आम्ही गप्प राहिलो. आईची हकिगत आम्हाला ठाऊक होती; चिमीला नव्हती. आई सातवीला शाळेत पहिली आली होती. पुढची शाळा तालुक्याला. तिचे दोघे भाऊ तिथे राहून शिकले, पुढे नोकऱ्यांना लागले. आई घरी राहिली, कारण धाकटी भावंडे सांभाळायला कोणीतरी हवे होते. माझ्या दोन्ही मामांनी तिला कधी अंतर दिले नाही, दर भाऊबीजेला जरीची साडी आली. पण आठवीचे पुस्तक काही आले नाही. ही गोष्ट तिने आयुष्यात रागाने कधी सांगितली नव्हती. त्या दिवशीही रागाने सांगितली नाही. चिमीला जवळ घेऊन म्हणाली, "उद्या कोणी आमच्या गावाचा असा खेळ केला आणि मला त्या शाळेत बसवलं, तर बघणाऱ्याला बरं वाटेल गं. पण मी घरी बसले होते ती कुठं जाईल?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. समजा, १८४७ सालच्या पुण्याचा असा एक खेळ केला. वाडे, पेठा, हौद, सगळे हुबेहूब. आणि आपल्या मुलींचे मन दुखू नये म्हणून त्यातल्या शाळांत मुली बसवल्या. मग पुढच्याच वर्षी सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी भिडेवाड्यात जाऊन नेमके काय केले? मुली आधीच बसलेल्या असतील, तर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल कोणी व कशासाठी फेकला? भूतकाळातला अन्याय पुसला, की तो ज्यांनी दूर केला त्यांचे कामही त्याबरोबर पुसले जाते. शिंपला लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो; पण शिंपल्याआड काय आहे, हे सांगणारा कोणी शेजारी नसेल, तर मुले शिंपल्यालाच इतिहास समजतात.

आता यावरून कोणी म्हणेल, की खेळ नकोच, आपली पुस्तकेच बरी. मी म्हणतो, थोडे थांबा. आपल्या पुस्तकांत शिंपले नाहीत का? एखादे साम्राज्य 'वैभवशाली' होते, एवढ्या एका विशेषणाआड किती माणसांचा घाम झाकलेला असतो! त्या खेळाने निदान थांबा घालून सांगितले, की इथे आम्ही बदल केला आहे. आपल्या पुस्तकात असा थांबा मला तरी कधी भेटला नाही.

आणि बदल केलेला नसतो, तिथेही कल्पना असतेच. अलेक्झांड्रियाचे ते जगप्रसिद्ध ग्रंथालय आम्ही दालनादालनांतून हिंडून पाहिले. पण त्याची इमारत आज शिल्लक नाही. ते कसे दिसत होते, हे सांगणारे एकही चित्र नाही. जे पाहिले ते जाणकारांनी विचारपूर्वक केलेले अनुमान. खुफूच्या पिरॅमिडच्या पोटातल्या काही वाटा खेळात आहेत, त्या झाँ-पिएर हुदँ या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाच्या तर्कावरून घेतल्या आहेत. सगळ्या विद्वानांना तो मान्य नाही. गंमत अशी, की खेळ बाजारात आला २७ ऑक्टोबर २०१७ रोजी, आणि त्याच आठवड्यात, २ नोव्हेंबरला, शास्त्रज्ञांनी म्युऑन कणांच्या साहाय्याने त्या पिरॅमिडच्या आत एक मोठी पोकळी असल्याचे जाहीर केले. ती पोकळी खरी. पडद्यावर खरा दगड आणि तर्काचा दगड, दोन्ही सारखेच चकाकतात. कोणता कोणता, हे डोळ्यांनी कळत नाही. ते विचारावे लागते.

माँट्रियलमधल्या शाळांत या सहलीवर संशोधकांनी प्रयोग करून पाहिला. मुले त्यातून शिकली, हे खरे. पण शिक्षकाने समोर उभे राहून शिकवले तेव्हा ती अधिक शिकली, असे आढळले. हे वाचून माझ्यातला प्राध्यापक सुखावला, हे मी लपवीत नाही.

जुलै महिन्यात चिमीच्या शाळेत पालकसभा होती. मी उत्साहाने उठून ही कल्पना मांडली. सभेत शांतता पसरली. एक गृहस्थ म्हणाले, मुलांना घरी मोबाइल सोडवत नाही, आता शाळेतही का? दुसऱ्या बाई म्हणाल्या, हे परीक्षेला आहे का? शाळेतर्फे सांगण्यात आले, की संगणकाची खोली आहे. परंतु तिची किल्ली ज्यांच्याकडे असते, ते रजेवर आहेत. मी खाली बसलो.

सभा संपल्यावर मात्र इतिहासाच्या बाई मला जिन्यात भेटल्या. या बाईंविषयी माझे मत फारसे बरे नव्हते. चिमीच्या एका प्रश्नाला त्यांनी 'हे परीक्षेला येणार नाही' असे उत्तर दिल्याचे मला कळले होते. त्या म्हणाल्या, "सर, वर्गात साठ मुलं आहेत आणि तास पस्तीस मिनिटांचा. साठ खोके कुठून आणू? पण एक आणाल का, एका दिवसापुरता?"

मी खोका पिशवीत घालून नेला. बाईंनी काय करावे? एका मुलीच्या हाती सूत्रे दिली. बाकीच्यांना फळ्यावर तीन रकाने आखून दिले : 'दगडात सापडले', 'कोणी लिहून ठेवले', 'आपण कल्पनेने भरले'. पडद्यावर जे जे येईल ते कोणत्या रकान्यात घालायचे, हे मुलांनी भांडून ठरवायचे. पिरॅमिड पहिल्या रकान्यात गेला. दीपगृहावर जोराचा वाद झाला. जुन्या लोकांनी त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि बंदराच्या पाण्यात जुने दगडही सापडले आहेत, असे बाईंनी सांगितल्यावर ते दोन रकान्यांत लिहिले गेले. ग्रंथालयाची इमारत तिसऱ्यात गेली. शेवटी एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, आपल्या पुस्तकातलं महास्नानगृह कोणत्या रकान्यात?" बाई हसल्या. "बांधकाम पहिल्यात. 'स्नानगृह' हा शब्द तिसऱ्यात; ते आपण दिलेलं नाव आहे." पस्तीस मिनिटांत खोक्याने फक्त दहा मिनिटे काम केले. उरलेला वेळ मुलांनी केले. माझ्या शाळेत मला असा एक तास मिळाला असता, तर पानिपताने मला चष्मा पुसायला लावला नसता.

गणपती उठल्यावर आम्ही सगळे कार्ल्याला गेलो. चिमीला आता 'पहिल्या रकान्यातले' काहीतरी बघायचे होते. आई पायऱ्यांवर चार वेळा टेकली. एकवीरेचे दर्शन घेतल्यावर तिचा दम परतला. शेजारीच ते चैत्यगृह. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे क्लिओपात्रेच्या मागून फार काळ न लोटता कोरलेले. छताच्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. खांबांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात, आपल्या मराठीच्या पणजीच्या भाषेत, दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत 'यवन'ही आहेत. त्या काळात इजिप्तच्या किनाऱ्यावरून मोसमी वाऱ्यांच्या जोरावर गलबते आपल्या पश्चिम किनाऱ्याला येत. एका ग्रीक नाविकाने पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये सोपारा, कल्याण, पैठण, तेर ही नावे येतात. आणि तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात, एका देवळाच्या आवारात, हिंदुस्थानी रांजणात ठेवलेले साडेसात किलो काळे मिरे उत्खननात सापडले आहेत. हे ऐकून हिने विचारले, "किडले नव्हते ना?"

मी आईला एका दानाची हकिगत सांगितली. महादेवणक नावाच्या गृहस्थाच्या आईने, भायिला तिचे नाव, इथे दान दिले आणि तसे कोरून ठेवले आहे.

"तिला लिहिता येत होतं?" आईने विचारले.

"ते सांगता येत नाही," मी म्हटले. "कोरणारा दुसराच कोणी असेल."

"ते तिसऱ्या रकान्यात, आजी," चिमी म्हणाली. "पण ती होती, हे पहिल्या रकान्यात."

आई बराच वेळ त्या अंधारात बसून राहिली.

परत येताना चिमीने जाहीर केले, की मोठी झाल्यावर ती आजीच्या गावाचा खेळ करणार. त्यात नदी असेल, पार असेल, शाळा असेल. आजी मात्र शाळेच्या बाहेर, कडेवर भाऊ घेऊन उभी असेल. "मग खेळणाऱ्याने काय करायचं?" मी विचारले. "त्याला आधी ती दिसली पाहिजे," चिमी म्हणाली. "बहुतेक लोक तिच्या शेजारून आत निघून जातील."

येत्या भाऊबीजेला मेहुणा परत येतो आहे. ओवाळणी घालील आणि खोका घेऊन जाईल. आईने काल हळूच हिला सांगितले, "त्याला म्हणावं, ओवाळणी नको, तो खोका राहू दे वर्षभर. माझं ग्रीस बघायचं राहिलंय."